चांदीची डबी

"डबी काढल्याशिवाय सुई घालता येणार नाही," मी पुन्हा सांगितलं.

शिवराजअप्पा सीटी स्कॅनच्या टेबलावर उठून बसले. "मग ऱ्हाऊ द्या. मी जातो गावाकडं, खटकचिंचोळीला."

मी रेडिओलॉजिस्ट. गुलबर्ग्याच्या एका हॉस्पिटलात असते. अप्पा लिंगायत, धान्याचे व्यापारी. आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, पण आता तोच कॅन्सर फुफ्फुसात हरभऱ्याएवढी गाठ होऊन उगवला होता. छाती उघडणं त्यांच्या हृदयाला झेपलं नसतं. म्हणून ॲब्लेशन. म्हणजे सीटीत बघत पाठीतून बारीक सुई गाठीत न्यायची आणि विजेनं टोक तापवून गाठ जागच्या जागी जाळायची. पेशंट जागाच असतो. मशीन हैदराबादहून भाड्यानं आणलेलं, संध्याकाळी परत जाणार.

अडचण होती ती गळ्यातल्या लिंगाच्या चांदीच्या डबीची. अप्पा पालथे झोपले की ती नेमकी गाठीखाली यायची. स्कॅनमध्ये धातूच्या पांढऱ्या रेघा उठायच्या आणि त्यात गाठच दिसेना. शिवाय अंगात वीज सोडायची तर वर धातू नको, चटका बसतो.

"अप्पा, थोड्या वेळाचा तर प्रश्न आहे." माझा आवाज चढला होता.

"बाई, आमच्यात मेल्यावर बी लिंग काढत न्हाईत. हातावर ठिवून पुरत्यात. तुमी जित्तेपणी कामून काढायलाव?"

त्यांची मुलगी सुवर्णा रडकुंडीला आली. "अप्पा, ऐका की. मशीन जायलंय संध्याकाळी."

मी रागारागानं बाहेर जाऊन चहा घेतला. चहा पिताना त्यांचं ते 'हातावर' डोक्यात घोळत राहिलं. परत येऊन विचारलं, "रोज पूजेला डबीतून काढता, तेव्हा लिंग कुठं ठेवता?"

"डाव्या हातावर. अंगावरच ऱ्हातंय की."

"मग आज इथंच पूजा करा."

आतलं लिंग काही धातूचं नव्हतं. डबी सुवर्णाकडे गेली. अप्पा पालथे झोपले. हात डोक्यावरून पुढे, डाव्या तळव्यावर लिंग, नजर त्यावर.

या कामात खरी कसोटी श्वासाची. घाबरलेला माणूस दर वेळी कमीजास्त श्वास घेतो आणि गाठ वरखाली पळते. अप्पांचा श्वास मात्र एका लयीत चालला होता. रोजची सवय. सुई पहिल्याच खेपेला गाठीत बसली. शेवटच्या स्कॅनमध्ये गाठीभोवती धुरकट कडं दिसलं, म्हणजे ती काठासकट जळली होती.

"झालं, अप्पा."

"इतक्यात? पूजा आत्ता कुठं लागायली हुती."

ती गाठ पुन्हा उठली नाही. पण पुढे कॅन्सर यकृतभर पसरला, आणि तिथं माझी सुई पुरी पडली नाही. एक दिवस सुवर्णाचा फोन आला.

"अप्पा गेले, बाई, लिंगैक्य झाले. लिंग हातावरच दिलं. तुमच्या टेबलावर हुतं तसंच."

त्या दुपारी मला एकही रिपोर्ट धड लिहिता आला नाही.

सीटीच्या दारावर 'अंगावरील सर्व वस्तू काढून ठेवा' अशी पाटी आहे. ती अजून तशीच आहे. मी फक्त आत आलेल्या माणसाला आधी विचारते, ही वस्तू कुठं ठेवली तर तुम्हाला चालेल? चहाचा वेळ वाचतो.