उताऱ्यावरचं नाव

भाड्याच्या खोलीत अकरा वर्षं काढली की माणसाला स्वतःच्या घराचं वेड लागतं. मलाही लागलं होतं. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मी तयार सुटे भाग मापून पास-नापास करायचं काम करतो. नाव पंचतारांकित, पण पाळी संपली की परत कोल्हापुरातल्या त्याच दोन खोल्या. घरमालकीण भिंतीत खिळा ठोकू द्यायची नाही. आमच्या लग्नाचा फोटो अकरा वर्षं कपाटावर टेकवून ठेवलेला होता.

शेवटी हायवेच्या बाजूला एक फ्लॅट बघितला. पहिलं घर घेणाऱ्याला सरकारी अनुदान मिळतं. ते मिळालं तरच हप्ता झेपणार होता, नाहीतर विषयच संपला. एक अट मात्र आडवी आली. नवरा-बायको दोघांपैकी कुणाच्याही नावावर देशात कुठंही पक्कं घर नको, आणि तसं प्रतिज्ञापत्र द्यायचं. कागदपत्रं बघणाऱ्या एजंटानं विचारलं, "गावाकडं काय हाय काय?" म्हटलं, वडिलांचं घर आहे, उताऱ्यावर माझंही नाव आहे. त्यानं फाईल मिटली. "मग हक्कसोड करा आणि नाव कमी करून या."

ते नाव आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आपणहून लावलेलं होतं. आमचं गाव नृसिंहवाडीच्या पुढं. आई गेल्यावर महिन्याभरात आण्णा ग्रामपंचायतीत गेले आणि घराच्या उताऱ्यावर स्वतःच्या नावाखाली थोरल्या दादाचं आणि माझं नाव घालून आले. "माझ्या माघारी तुमी भांडायला नको," म्हणाले आणि उताऱ्याची एक प्रत माझ्या हातात दिली. मी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपली होती. फाईलीत लावायला मीच ती हौसेनं नेली होती.

नाव काढायचं म्हटल्यावर आण्णा म्हणाले, "काढायचं म्हंजे? तू काय ह्या घरचा न्हाईस?"

मी समजूत घातली. नुसता कागद आहे, नातं कुठं जातंय, वगैरे. असलं बोलताना माणसाला आपण फार शहाणे आहोत असं वाटतं. दादानं हरकत घेतली नाही. त्याला कशाला हरकत असेल?

रजिस्टर ऑफिसात दादा आणि मी रांगेत उभे होतो. आण्णांना बाकावर जागा मिळाली होती. तिथून त्यांनी मोठ्यानं विचारलं, "पांढऱ्या मातीच्या भिताडाला पक्कं घर कोन म्हंतंय रं?"

माझी आधीच अर्धी रजा वाया गेलेली, नंबर लागत नव्हता, डोकं तापलेलं. "आण्णा, तुमास्नी त्यातलं कळत न्हाय. गप बसा की!" मी सगळ्यांदेखत खेकसलो. रांगेतले दोघं-तिघं हसले. आण्णांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि सही करायला बोलावल्यावरच परत डोक्यावर घातली.

अनुदान मिळालं. फ्लॅटमध्ये गेल्यावर पहिल्या दिवशी मी खिळा ठोकून फोटो लावला, आणि खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

त्यानंतर दिवाळीला गावी गेलो. एरवी मला बघितलं की आण्णा ओसरीवरूनच ओरडायचे, "आलास व्हय रं!" या वेळी ते जागचे उठले, माझ्यासाठी चटई अंथरली आणि आत बघून वहिनीला म्हणाले, "पावणं आल्यात. च्या टाक." मी हसलो. वहिनीनं चहा नेहमीच्या स्टीलच्या पेल्यातून आणला, तर त्यांनी तो परत पाठवला आणि कपबशीतून आणायला लावला. तेव्हा माझं हसू गेलं. टोमणा असता तर मी भांडलो असतो. पण ते मनापासून करत होते. माझं नाव तिथं नाही, म्हणजे मी पाहुणा, आणि पाहुण्याचा मान राखायचा, इतका सरळ त्यांचा हिशेब होता. पुढं दोन वर्षं मी कपबशीतूनच चहा प्यालो.

मग एक दिवस कामावर असताना दादाचा फोन आला. खुशीत होता. घरकुल योजनेतून त्याला नवीन घर मंजूर झालं होतं. "माणूस येऊन फोटो काढून गेला. भिंती मातीच्या, वर कौलं. म्हणाला, हे कच्चं घर, बसतंय योजनेत."

मी फोन ठेवला आणि माझ्या योजनेचा अर्ज मोबाईलवर उघडला. पक्कं घर नसावं, असंच लिहिलेलं होतं. मी ते वीस वेळा तरी वाचलं असेल, आणि प्रत्येक वेळी नुसतं घर असं वाचलं होतं. कच्च्या घरावर नाव असतं तरी चाललं असतं. एजंटाला शिव्या देऊन काय उपयोग? त्याला फाईल पुढं ढकलायची होती. केसाएवढा फरक दिसला तरी नग बाजूला काढणारा मी, मी एका शब्दानं कुणाला विचारलं नव्हतं. ज्यानं विचारलं, त्याला मी गप्प बसवलं होतं. त्या दिवशी मला स्वतःची किळस आली.

नवं घर बांधून झालं. वास्तुशांतीच्या चार दिवस आधी दारावरची बेल वाजली. आण्णा, एकटेच. दोन एसट्या बदलून आले होते. खुर्चीत टेकून त्यांनी कोपरीच्या खिशातून अक्षतांची पुडी काढली.

"आण्णा," मी म्हणालो, "ते घर कच्चंच होतं. माझं नाव काढायची गरज नव्हती."

"ठावं हाय मला."

"मग बोलला का न्हाई?"

"बोललो हुतो की," ते म्हणाले. "रांगेत."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्यांचे पाय तरी धरले असते. माझ्या बायकोनं जेवून जा म्हणून आग्रह केला, तर म्हणाले, अजून सात-आठ घरं सांगायची हायत. मग उभे राहिले, माझा हात धरून तळव्यावर अक्षता ठेवल्या आणि परक्याला सांगावं तसं नीट, प्रत्येक शब्द तोडून म्हणाले, "आयतवारी आमच्या घरची वास्तुशांत हाय. समद्यांनी जेवायला यायचं."