मेलेली डिस्क आणि गाळलेलं वाक्य

अन्याय झाला तो गावाची कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका माणसावर. मार्चमधल्या एका मंगळवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता, गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यातल्या एका पोलीस ठाण्यात. करणारा मी. ती वेळ स्टेशन डायरीत माझ्याच अक्षरात आहे, त्यामुळे विसरायची सोय नाही.

मी तेव्हा त्या ठाण्याचा उपनिरीक्षक होतो. पुढे वर्दी लवकर उतरवली; आता ग्रामसभांची पत्रकं लिहितो. नावं कुणाचीच देत नाही. त्या माणसाला गाव ‘कंप्युटरभाऊ’ म्हणत असे, तेच पुरे.

गावाने आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्काचा दावा केला होता. पुरावा सगळा एका पोर्टेबल हार्ड डिस्कमध्ये होता: शिवफेरीचे फोटो, नकाशे आणि म्हाताऱ्यांच्या साक्षींचे व्हिडिओ. त्यातले दोन म्हातारे नंतर वारले. लॅपटॉप भरला म्हणून मूळ फाइली पुसलेल्या. सुनावणीला नऊ दिवस उरले आणि डिस्क उघडेना. नुसती टकटक करायची.

ग्रामसभेने चौकशीसाठी अर्ज दिला आणि डिस्क ठाण्यात जमा केली. त्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. “साहेब, डिस्क बिघडली नाई, बिघडवली. जंगलातल्या बांबूच्या ठेकेदाराच्या सांगण्यावरून. कंप्युटरभाऊच्या दारात नवी गाडी पाहा.”

गाडी होती. मला तेवढं पुरलं. लाज वाटते, पण खरं आहे: गरिबाच्या दारात नवी वस्तू दिसली की ठाण्याला तो पुरावाच वाटतो.

मंगळवारी त्याला बोलावून बाकावर बसवलं.

“डिस्क कुणाकडे होती?”

“पाळीत होती, साहेब.”

“कसली पाळी?”

“गावाची. गावाची वस्तू एका घरी राह्यली का त्या घराची होऊन जाते. म्हणून फिरवतो. दर तीन महिन्यांनी नवं घर.”

“गोष्टी नको सांगू. गाडी कुठून आणली?”

“मेव्हण्याची हाय. त्याचा पाय मोडला, म्हणून माया दारात उभी हाय. आता पायाचाबी पंचनामा करता का?”

हवालदार हसला. मी हसलो नाही. जबाब लिहिताना गाडी लिहिली, मेव्हणा लिहिला, पाळीचं वाक्य गाळलं. मला ते फालतू वाटलं. त्याने न वाचता सही केली. संध्याकाळपर्यंत तो तिथेच बसून होता, आणि गावात बातमी पोचली होती की कंप्युटरभाऊने जंगल विकलं.

चारच्या सुमाराला हवालदाराने डिस्क ठाण्याच्या कंप्युटरला लावली. पडद्यावर सूचना आली.

“साहेब, हे म्हणते वापरायची असेल तर फॉरमॅट करा. हो म्हणू का?”

बाकावरून कंप्युटरभाऊ ओरडत उठला. “हात नका लावू! हो म्हटलं का सगळं साफ! माये दोन्ही म्हातारे पुन्हा मरतीन!”

हवालदाराचा हात हवेतच थांबला. माझाही संशय तिथेच थांबला. पुरावा विकलेला माणूस तो वाचवायला असा झेप घेत नाही.

मी वायर काढली. गुन्हा दाखल नव्हता, अर्ज चौकशीवर होता, डिस्क गावाची होती. प्रयोगशाळेत पाठवली असती तर सुनावणी उलटून गेली असती. ग्रामसभेची लेखी संमती घेतली, दोन पंच घेतले, पाकीट सील केलं आणि दुसऱ्याच दिवशी चंद्रपूर गाठलं. कंप्युटरभाऊ सोबत होता.

कंप्युटर दुरुस्तीचं दुकान एका बाईंचं. घुग्घुसकडच्या कोळसा खाणींतले कंप्युटर त्यांच्याकडे येतात.

“किती वेळा लावून पाह्यली?” त्यांनी विचारलं.

“असेल सात-आठदा.”

“वा साहेब! आजारी माणसाले सात-आठदा पळवलं अन् मग दवाखान्यात आणलं!”

त्यांनी वरचं कवच उघडलं. आत काळी पूड. बाईंनी ती नाकाजवळ नेली आणि मान हलवली. “हा कोळसा नाई. कोळशाची धूळ मी रोज खाते. हा चुलीचा धूर हाय, लाकडाचा. डिस्क कुणी चुलीवर ठेवली होती का?”

मी कंप्युटरभाऊकडे पाहिलं. तो म्हणाला, “म्या सांगतलं होतं, साहेब. पाळीत होती.”

बाईंनी समजावलं ते असं. उष्णतेने आणि काजळीने वायर जोडायची पट्टी गेली होती. आतली तबकडी बंद डब्यात असते, तिथे काजळी पोचली नव्हती. त्यांनी पट्टी काढून तबकडीचा डबा थेट आपल्या मशिनीला जोडला, आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल उतरवली आणि मगच त्या नकलेतून फाइली काढायला घेतल्या. मूळ डिस्कला पुन्हा हात लावायचा नाही, ही सक्त ताकीद. दोन दिवस लागले. थोडे फोटो अर्धेच आले. साक्षी सगळ्या आल्या.

गावात जाऊन मी पाळीची वही मागितली. पहिल्याच दिवशी मागायला हवी होती. डिस्क ताब्यात घेतल्याचा शेवटचा अंगठा एका म्हाताऱ्या बाईंचा होता. त्यांच्या घरी गेलो. चुलीच्या वर, आढ्याला, शेणामातीने लिंपलेल्या टोपल्या टांगलेल्या. धुराने कीड लागत नाही म्हणून बियाणं तिथेच ठेवतात.

“बाई, डिस्क कुठे ठेवली होती?”

“बिजाईच्या टोपलीत. त्याच्याहून जपाची जागा कोणती हाय, साहेब? त्यात आमच्या बुढ्याचा आवाज हाय ना!”

त्यांचा नवरा म्हणजे वारलेल्या दोघांपैकी एक.

कंप्युटरभाऊने लॅपटॉप उघडला. पडद्यावर म्हातारा कॅमेऱ्यावर खेकसला, “थांब, आधी बिडी पेटवू दे,” आणि मग गोंडीत एकेक नाला, एकेक दगड मोजत हद्द सांगू लागला. बाई जवळ सरकल्या. “मेला तरी बिडी सुटली नाई,” त्या म्हणाल्या. सगळं अंगण हसलं.

त्या हसण्यात मी उभा राहून सांगितलं की या माणसाने काही विकलेलं नाही, चूक माझी आहे. फोन करणारा गावातलाच निघाला. त्याचं काय करायचं ते ग्रामसभेने पाहिलं. कंप्युटरभाऊ म्हणाला, “साहेब, हे बोलणंबी जबाबात लिहा.” मी पुरवणी जबाब तिथेच लिहिला. या वेळी त्याने तो दोनदा वाचला, मग सही केली.

सुनावणीत साक्षी चालल्या. दावा मंजूर झाला. आता तिथे तीन डिस्क तीन घरांत फिरतात, आणि बियाण्याच्या टोपलीत फक्त बियाणं असतं.

मला या प्रकरणाने एवढंच शिकवलं: डिस्कमधून गेलेलं परत काढणारं दुकान चंद्रपुरात आहे. जबाबातून अधिकाऱ्याने गाळलेलं परत काढणारं दुकान कुठेच नाही. म्हणून तुम्हाला सांगतो. ठाण्यात कुणीही कागद पुढे सरकवला, घाई केली, आवाज चढवला, तरी आधी तो वाचा. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला लावा. तुमचं वाक्य त्यात नसेल, तर सही करू नका.