रिकामे क्रेट आणि बजरंगचा ऊस

माझं नाव सटवाजी. वय चौऱ्याहत्तर, शिक्षण सातवी. तीही जुने गुरुजी बदलून गेले आणि नव्या गुरुजींना माझा इतिहास ठाऊक नव्हता म्हणून पार पडली. पन्नास वर्षं शेती केली. म्हणजे त्यातली अठ्ठेचाळीस वर्षं बायकोनं, केवळाबाईनं केली आणि मी बांधावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला गोष्टी सांगितल्या. आमच्या गावात ज्याला चाकूरची बस धरायची घाई असते तो आमच्या शेताला वळसा घालून जातो, एवढं माझं नाव आहे.

असा माणूस धंद्यात घेतला, ही माझ्या नातीची, तनुजाची पहिली चूक.

तनुजा म्हणजे माझ्या बजरंगची थोरली. शेतीचं कॉलेज करून परत आली आणि म्हणाली, एक एकर द्या, भाजीपाला करते. दर शनिवारी लातुरात घरोघर एकेक क्रेट पोचवायचा, त्यात आठवड्याची भाजी. लोक महिन्याचे पैसे आधी देतात.

"आधी? भाजी उगवायच्या आधी?" मी विचारलं. मला तर ही चोरीच वाटली.

बजरंगला तिथं ऊस लावायचा होता. तो म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. तीस घरं टिकली तर एकर तुझा. न्हाई टिकली तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी उसाचं बेणं सांगून येणार." बोलणं असं मोजून मापून. माझ्यावर गेला नाही तो.

पावसाळा सुरू होईतो बरोबर तीस घरं झाली. गावातल्या जिलानीच्या छोटा हत्ती टेम्पोत क्रेट चढवायचे, दारोदार द्यायचे, मागच्या शनिवारचे रिकामे गोळा करायचे, एवढं काम माझ्याकडं. पहिल्याच शनिवारी एका दारात गवारीवरून बोलता बोलता मी बहात्तरच्या दुष्काळात शिरलो. बाहेर आलो तेव्हा गाडीतली मेथी माना टाकून बसली होती.

"आबा," जिलानी म्हणाला, "दुष्काळ संपला का? का अब मेरी गाडी में आला?"

तेही चाललं असतं. पण मला एक गोष्ट खुपून राहिली होती. क्रेट रिकामे परत यायचे. आमच्याकडं शेजारणीची वाटी परत करताना त्यात चिमूटभर साखर तरी घालतात, नसली तर मूठभर ज्वारी. एकदा घरात काहीच नव्हतं, तर केवळाबाईनं परसातला कढीपत्ता घालून वाटी दिली होती. आणि लातूरचे लोक क्रेट धुऊन, पुसून, ठणठणीत रिकामे देत होते. दीड महिना सोसलं. मग एका शनिवारी दारोदार सांगत गेलो, "भांडं रिकामं देत न्हाईत हो बाई. घरात पडलेलं कायबी चालतंय."

शेवटचं वाक्य नडलं.

पुढच्या शनिवारी क्रेट भरून आले. मी एवढा हरखलो की जिलानीला वाटेत चहा पाजला. घरी सगळ्यांदेखत क्रेट उघडले. आत सात विजारी, उसवलेलं दप्तर, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली आणि दोन्ही बाजूंना पांढरे पट्टे असलेली खेळाची पँट.

बजरंग म्हणाला, "आबा, लातुरात भीक मागून राहिलात का तुम्ही?"

तनुजाचा फोन वाजत होता. कुणी लिहिलं होतं, आजोबांना लागत असेल तर ब्लँकेटही आहे. चार घरांनी लिहिलं होतं, आम्ही भाजी लावली आहे, दारात येऊन मागणं आम्हाला आवडलं नाही, बंद करा. राहिली सव्वीस.

तनुजा ओरडली नाही. फोन पालथा ठेवून खाली बसली. "दोन महिने राबले मी, आबा. चार घरं तुम्ही एका वाक्यात घालवली."

"वाक्य लहान होतं गं," मी म्हणालो. हेही बोलायला नको होतं.

शिक्षा ठरली: शनिवारी तोंड उघडायचं नाही आणि सगळे कपडे परत द्यायचे. ते केवळाबाईनं धुतले. पण परत द्यायचं ते रिकामं कसं द्यायचं? तिनं प्रत्येक विजारीच्या खिशात भाजलेल्या शेंगा भरल्या.

मी मुक्यानं वाटून आलो. त्याच्या पुढच्या शनिवारी एका फ्लॅटच्या दारात पार्वतीबाई उभ्या. औशाकडच्या, लेकाकडं राहतात. "लेकाच्या विजारीत शेंगा कुणी घातल्या हो?"

मी ओठांवर बोट ठेवलं.

"आबाचं तोंड बंद हाय," जिलानी म्हणाला. "घर का हुकूम."

पार्वतीबाई हसून हसून दाराला टेकल्या. मग शेजारची दारं वाजवून सांगत सुटल्या, "अगं, कपडे काय देता! भांडं रिकामं जाऊ ने म्हणून म्हणलेत ते." त्याच दिवशी क्रेटमधून त्यांचा स्टीलचा डबा आला, झाकणावर नाव कोरलेला, आत लिंबाचं लोणचं. लेकीच्या क्लाससाठी नांदेडहून येऊन खोली केलेल्या एका बाईनं शंकरपाळे पाठवले. गेलेल्या चारांतली दोन घरं परत आली. पट्ट्याची पँट मात्र तिच्या मालकानं परत घेतली नाही. ती मी घालतो. पळायला येत नाही, पण पट्टे चांगले आहेत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बजरंगनं विचारलं, "किती?"

"अठ्ठावीस," तनुजा म्हणाली.

"तीस म्हणलो होतो."

तिनं मान हलवली. बजरंगनं गाडीची किल्ली उचलली.

"बेणं सांगायला चाललासच तर लातूरवरून जा," केवळाबाई म्हणाली आणि लातूरच्या घरांतून फराळाचे आलेले एकोणीस डबे त्याच्यापुढं मांडले. घासून लख्ख केलेले. "एवढे परत देऊन ये."

बजरंगनं एक उचलला, झाकण काढलं, आत बघितलं आणि खाली ठेवला. मग दुसरा. किती झालं तरी तिच्या हाताखाली वाढलेला. "आई, हे रिकामेच."

"मंग? घाल की काय घालायचं ते. पुढच्या वर्षी उसाचं कांडं घाल तोडून."

त्यानं दोन्ही झाकणं परत बसवली. किल्ली खुंटीला लावली. तनुजाला म्हणाला, "वांगे हायत का तोडायला?"

"हायत."

"मंग हे डबे फिटूस्तोवर चालू दे तुझं. नंतर ऊस."

एकोणीस डबे वांगी घेऊन गेले. पुढच्या शनिवारी बावीस भरून आले. बजरंग डब्यांच्या फळीपुढं उभा राहून पुन्हापुन्हा मोजत होता, आणि मी काहीच बोललो नाही. कुणी सांगितलेलं नसताना, चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा.