हरण सोलायची पिशवी

हातात कसब असलं की माणूस उपाशी मरत नाही, असं वडील म्हणायचे. खरं आहे. पण कसब असलेल्या माणसाला लोक सोडतही नाहीत, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांना तरी कुठे ठाऊक होतं म्हणा. ते मला कतारने शिकवलं.

सत्तरीचं दशक सरता सरता मी दोह्याला ड्रायव्हर म्हणून गेलो. रत्नागिरीकडचे आम्ही चौघं तिथल्या अल मुंतझा वस्तीत एका खोलीत राहायचो. माझा अरबाब, म्हणजे मालक, थंडी पडली की भावांबरोबर सरहद्दीपलीकडे वाळवंटात हरणांच्या शिकारीला जायचा. पहिल्याच वर्षी त्यांच्या स्वयंपाक्याने हरण साफ करताना पित्त फोडलं आणि मांस कडू करून ठेवलं. बकरी ईदला वडलांच्या हाताखाली कातडी उतरवत मी मोठा झालेला, मला ते बघवेना. मी सुरी हातात घेतली. झालं. तेव्हापासून शिकार त्यांची आणि आतडी माझी.

मग एका वर्षी बहिणीचं लग्न ठरलं. वडील गेलेले. आमच्यात बाप नसला की निकाहाला मुलीचा वली म्हणून भाऊ बसतो, तिला देणारा तोच. मी अरबाबकडे सुट्टी मागितली. तो चांगल्या मूडमध्ये होता. या वेळी पाहुणे जास्त आहेत, गाड्यांत जागा नाही, तेव्हा तुझी ती सोलायच्या हत्यारांची पेटी लहान कर, नव्या सुदानी स्वयंपाक्याला काम शिकव आणि खुशाल जा, म्हणाला. माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात होता आणि त्याच्या सहीशिवाय मला देश सोडता येत नव्हता, त्यामुळे त्याचं ‘जा’ म्हणजे माझ्यासाठी सगळंच होतं. मी घरी कळवलं. शुक्रवार ठरला, आमंत्रणं गेली.

ती पेटी मी इतक्या आनंदाने कधीच उपसली नव्हती. जाड लाकडाची, दोन माणसांनी उचलायची. करवत काढून टाकली. सांध्यात पातं नीट बसवलं तर हाड कापावं लागत नाही. सत्तूर काढला. परातही काढली, कारण उतरवलेलं कातडंच वाळूवर उलटं पसरलं की त्यावर मांस ठेवता येतं. जनावर टांगायचे आकडे नकोत, दोरी गाडीच्या टपाला बांधता येते. उरल्या दोन सुऱ्या. पातळ पात्याची सोलायला, ती आत. दुसरी हलालीची, ती बाहेरच्या कप्प्यात, कारण जनावरात जीव आहे तोवर बिस्मिल्ला म्हणून ती मानेवर फिरली पाहिजे, तेव्हा पिशवी धुंडाळायला वेळ नसतो. दोन्हींना जुन्या ट्यूबच्या रबराची म्यानं शिवली. धार लावायचा छोटा दगड, मूठभर मीठ, माश्या बसू नयेत म्हणून धुतलेलं मलमल. एवढं सगळं कॅनव्हासच्या एका पिशवीत मावलं. सुदान्याला दोन बकरे सोलायला लावले. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. मी खुशीत त्याला चहा पाजला.

शिकारीला निघायच्या दिवशी अरबाबने पिशवी दोन बोटांवर उचलली. गाडीत पेटीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. हसला.

“माशाल्ला. देखो, कितना जगा हो गया. यल्ला, तू भी चलो.”

मी बहिणीचं सांगितलं. तो मान हलवत होता, ऐकत नव्हता. निकाह कुणी तरी लावेलच, इन्शाल्ला, परत आलास की जा. खलास. माझीच अक्कल मला नडली. पेटी होती तशी ठेवली असती, तर मी बोटीत नाही तर विमानात बसलो असतो. पेटीच्या जागेवर मी बसलो.

जाण्याआधी एका दोस्ताकडून गावी तार करवली की माझ्या जागी चुलत्यांना बसवा. कोणते चुलते? ज्यांनी वडलांच्या जनाज्याला खांदासुद्धा दिला नव्हता ते.

त्या शुक्रवारी एक हरण पडलं. सुदान्याने बाहेरच्या कप्प्यातली सुरी काढली, मान कापली, पोट उघडलं, पित्त अख्खं बाहेर काढलं. मला कामच नव्हतं. मी नुसते पाय धरून उभा होतो. तिकडे दुपारची नमाज होऊन मांडवात माणसं बसली असतील, हे कळत होतं आणि हातात हरणाचे खूर होते. अरबाबचा मला इतका राग आला की त्याने पुढे केलेली कलेजी मी घेतली नाही. त्याला वाटलं, माझं पोट बिघडलंय.

परत आलो तर सुट्टी पुढच्या महिन्यावर गेली, मग त्याच्या पुढच्या. मधेच गावाहून कॅसेट आली. तेव्हा आमचे लोक लिहिण्यापेक्षा बोलूनच पाठवायचे. तिच्यात अख्खा निकाह टेप केलेला होता. काजींनी वली कोण विचारलं, चुलत्यांचा आवाज आला, आणि मागून कुणी तरी मोठ्या कौतुकाने सांगत होतं की भाऊ शेखांबरोबर शिकारीला गेलाय, मोठा माणूस झाला. खोलीतले तिघंही खाली बघत होते.

शेवटी बहीण बोलली. रडून आवाज बसला होता, तरी तक्रार एका शब्दाची नाही.

“भाय, तुझी लय वाट बघितली. शिकार गावली काय?”