उखाण्याशिवाय घेतलेलं नाव

"घ्या की उखाणा, बाई! लाजताय काय?"

टेबलामागचा हवालदार म्हणाला आणि चौकीतले सगळे हसले. एकाचा चहा सांडला. मी तोंडावर पदर धरून उभी होते.

माझी पोरगी नववीत शिकते. तिच्या बापानं तिचं लग्न करमाळ्याकडं ठरवलं होतं. येत्या रविवारी. ते थांबवा म्हणून मी गेले होते.

"लग्न कोण लावतंय?"

"तिचे वडील."

"त्यांचं नाव?"

जीभ उचलेना. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं सासूनं मला नवी नवरी असतानाच बजावलं होतं. हळदीकुंकवाला उखाण्यात घ्यायचं, तेवढंच. बाकी जन्मभर 'अवो'.

"चांदीच्या ताटात..." हवालदारानंच सुरुवात करून दिली. परत हसणं. मग म्हणाला, "नाव न्हाय, तर तक्रार कुणावर घिऊ? जावा. घरातलं घरात मिटवा."

मी गेले.

घरी पोरगी बापाचा मार खाऊन कोपऱ्यात बसली होती. "आई, सांगितलंस?" म्हणाली. मी पीठ मळायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी विड्या वळायचं सूप तसंच ठेवलं आणि कोर्टात गेले. तिथं बाईला फुकट वकील मिळतो, असं अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या होत्या. मिळाल्या. वकीलबाईंनी सगळं ऐकलं.

"पोरीला अठरा पूर्ण नाहीत. हे लग्न लावणं गुन्हा आहे. तुम्ही नाव सांगितलं नाही तरी चौकीत तक्रार घ्यायलाच पाहिजे होती."

मला रडू फुटलं. ते हसले होते, आणि त्या हसण्यालाच मी कायदा समजले होते.

"लग्न थांबवायचा हुकूम मॅजिस्ट्रेट देतात," त्या म्हणाल्या. "अर्ज मी करते. पण विचारलं तर तुम्हाला बोलावं लागेल."

रविवारच्या आतली तारीख पडली, नवऱ्याला नोटीस गेली. तो भावाला आणि वकिलाला घेऊन आला. मॅजिस्ट्रेट साहेबांनी मला विचारलं, "तुमची तक्रार कुणाविरुद्ध आहे?"

नवऱ्याचा वकील हसून म्हणाला, "साहेब, त्या नाव घ्यायच्या नाहीत. रीत आहे त्यांची."

मी नवऱ्याकडं पाहिलं. तो निवांत बसला होता. माझ्या गप्प राहण्यावरच त्याची सगळी भिस्त होती. पोरीचं शरीर, तिची शाळा, सगळं माझ्या बंद तोंडावर तोललेलं.

"सिद्राम," मी म्हणाले. "माझा नवरा. त्याच्याविरुद्ध."

आवाज फाटला होता. पण साहेबांना ऐकू गेला.

पुढच्या तारखेपर्यंत लग्न लावायचं नाही, असा हुकूम झाला. बाहेर पायरीवर तो म्हणाला, "नाव घेतलंस. आता मी मेलो तुला. घरात पाय ठिवू नगंस."

पोरीला घेऊन मी बहिणीच्या खोलीत आले आहे. हुकूम मोडला तर तुरुंग आहे, असं वकीलबाई सांगतात. पण त्याला भाऊ आहेत, गाडी आहे. पोरगी शाळेतून येईपर्यंत मी दारातच उभी असते. गल्लीत गाडी थांबली की कोण उतरतंय ते बघते. हुकूम काही दारात उभा राहत नाही.

पुढच्या तारखेला साहेब परत विचारतील. सिद्राम. त्यानं पोरीला हात लावला तर त्याच चौकीत जाईन, त्याच टेबलापुढं उभी राहीन. हसू देत. सिद्राम.

नाव घेतल्यानं त्याचं आयुष्य कमी होत असेल, तर होऊ दे.