आत्याने कोर्टात बसवलेलं भूत

आमची आत्या कुणालाही माफ करत नसे. "माफ करनं देवाचं काम. मना अजून भात लावाचाय," असं म्हणून ती पदर खोचायची. आरडाओरडा मात्र कधी नाही. ज्याच्यावर राग, त्याच्याशी ती जास्तच गोड बोले, आणि मग घरातल्यांना कळायचं की याचं आता काही खरं नाही. ती जाऊन चार वर्षं झाली, पण तिचा राग अजून माझ्याकडे आहे.

आत्या धवलारीण होती. आमच्या आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी, विधी पार पाडणारी बाई. बदलापूरच्या आसपासच्या गावांत तिच्याशिवाय हळद लागत नसे. तिने तोंड उघडलं की डीजेवालाही मुकाट्याने मशीन बंद करायचा. धवलारणीचा शब्द खोटा म्हणायची आमच्यात कुणाची टाप नव्हती, आणि हे तिला पुरेपूर ठाऊक होतं.

नवरा वारला आणि वर्षाच्या आत तिच्या दिराने तिचं विहिरीकडचं शेत गिळलं. हक्कसोडपत्रावर भलत्याच बाईचा अंगठा, आणि तो आत्याचाच म्हणून सांगायला एक दारुडा साक्षीदार. आत्याने दावा लावला, तर दिराने कोर्टात तशी शपथही घेतली. त्या शेतात आत्याने नवऱ्याबरोबर उभा जन्म चिखल तुडवला होता, आणि आता तिथे बिल्डरचा बोर्ड लागायच्या बेतात होता. माझ्या वडिलांसकट सगळे म्हणाले, जाऊ दे, घरचाच माणूस आहे. त्या 'जाऊ दे'ची मला आजही चीड येते. हरामखोर घरचा असला म्हणून काय त्याला ओवाळायचा?

मी अंबरनाथ पूर्वेला राहायची, त्यामुळे तारखेला आत्याला रिक्षाने न्यायचं काम माझ्याकडे. तालुक्याचं ते कोर्ट साहेबाच्या काळातलं, काळ्या दगडाचं, पुढे लांबलचक व्हरांडा. तिथे एक मेलेला पट्टेवाला फिरतो अशी जुनी बोलवा होती. आता तर पोरं तिथे रील काढायला जातात. पहिल्याच दिवशी मी जीव मुठीत धरून उभी, आणि आत्या मात्र देवळात फिरावं तशी भिंतींना हात लावत सगळीकडे फिरून आली. मग जिवंत पट्टेवाल्याला विचारते, "तीनदाच कनाला रं हाक मारता?"

"नियम आहे, मावशी. तिसऱ्या हाकेलाही पार्टी आली नाही, की गैरहजर."

येताना घराजवळ आल्यावर आत्या म्हणाली, "पोरी, भूत हाय. पन बिचाऱ्याला काम नाय. आपून देऊ."

आणि दिलं की! तो दारुडा साक्षीदार त्याच सुमारास दारूनेच मेला. पुढच्या हळदीत आत्याने दोन धवल्यांच्या मधे हळूच सोडून दिलं: खोटी शपथ घेतली की मेलेला पट्टेवाला भर दुपारी बापाच्या नावासकट तीन हाका मारतो. ओ दिली की माणूस महिन्यात खलास. त्या साक्षीदाराने ओ दिली होती म्हणे. गावोगाव लग्नं, गावोगाव हीच गोष्ट. पुढे दिराच्या मुलाचं लग्न निघालं, आणि धवलारीण हीच! दिराच्याच मांडवात, त्याच्याच मुलाला हळद लावता लावता, ती जावेला म्हणाली, "तुज्या मानसाला सांग, हाक आली तर ओ नको देऊ म्हनावं. कितीबी झाला तरी माजा दीर हाय." मी शेजारी ताट धरून उभी होते. हसू दाबताना ताटातली हळद सांडली.

दिराच्या उलटतपासणीची तारीख आली. जज्जसाहेबांनी आधीच बजावलं होतं की ही शेवटची संधी. दीर आवारातल्या चिंचेखाली बसला होता, त्याचा वकील दुसऱ्या कोर्टात अडकलेला. भर दुपारी व्हरांड्यातून आवाज आला, "गजानन धर्मा, हाजिर है?"

दीर पांढराफटक पडला. दुसऱ्या हाकेला त्याने कानांवर हात दाबले. तिसऱ्या हाकेला तोंड घट्ट मिटून, डोळे मिटून तसाच बसून राहिला. वकील धावत आला तोवर आत गैरहजेरी लागून पुरावा बंद झाला होता, म्हणजे त्याची साक्षच बाद. आत्या त्याच्याजवळ गेली आणि मायेने म्हणाली, "बरा झाला भावजी, ओ नाय दिली. जीव वाचला तुमचा."

काही महिन्यांनी शेत आत्याच्या नावावर झालं. मला इतका आनंद माझ्या स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता, उगाच खोटं कशाला बोलू?

दिराला मात्र मग घरातही हाका ऐकू यायला लागल्या. दुपार झाली की तोंडात रुमाल कोंबून बसायचा. पुढे अंथरुणालाच खिळला, तेव्हा त्याच्या बायकोने येऊन आत्याचे पाय धरले. "वैनी, एकदा येऊन सांगा त्यांना, तसा काय नाय. शांत जातील."

आम्ही दोघी गेलो. आत्याने त्याला चमच्याने पाणी पाजलं, पदराने तोंड पुसलं. तो पुटपुटला, "वैनी, तो खराच हाक मारतो का?" आत्याने चमचा खाली ठेवला. मग त्याने माझ्याकडे मान वळवली. "पोरी, तू तरी सांग. तू तवा कोर्टात होतीस."

खोलीत सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे. मला ते शेत दिसलं, तो खोटा अंगठा दिसला, आणि 'जाऊ दे' म्हणणारी ती सगळी तोंडं दिसली.

"हो काका," मी म्हणाले. "मी पण ऐकली होती."

परतताना रिक्षात आत्या बाहेर बघत म्हणाली, "मी खरा सांगनार होते गं त्याला. तोंडाशी आला होता माज्या."

रिक्षा अजून गावाबाहेरही पडली नव्हती. परत वळवता आली असती. मी रिक्षावाल्याला काही बोलले नाही.