वैशूसाठी सारवलेली खोली

"फुफ्फुसात फंगल इन्फेक्शन आहे," सीटी स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले. म्हणजे बुरशी. शिळ्या भाकरीवर येते ती मला माहीत होती. माणसाच्या फुफ्फुसातही येते, हे अकोल्याच्या त्या दवाखान्यात कळलं. खाटेवर माझी बायको वैशाली होती. वय चौतीस.

त्याआधीचं सांगतो. तिला रक्ताचा कॅन्सर. आधी नुसता थकवा, मग हिरड्यांतून रक्त. केमोथेरपीच्या दुसऱ्या फेरीनंतर तिच्या पांढऱ्या पेशी फार खाली गेल्या. याला न्यूट्रोपेनिया म्हणतात. अंगात जंतूंशी लढायला कोणी उरत नाही. पण ताप नव्हता, आणि तिने घरी जायचा धोशा लावला होता. डॉक्टरांनी आठ दिवसांसाठी सोडलं.

निघताना सिस्टरने एक कागद दिला आणि समजावलंही. सोडियम हायपोक्लोराइट नावाचं औषध पाण्यात मिसळून खोली पुसायची. ते जंतूंचं बाहेरचं कवच मोडतं. पण आधी साबणाने मळ काढायचा, नाहीतर औषध मळावरच खर्च होतं. मग जागा दहा मिनिटं ओली ठेवायची. टाइल्स, स्टील, प्लास्टिक, म्हणजे जे पाणी शोषत नाही, त्यावरच ते चालतं. अंगाला लावायचं नाही. ॲसिडमध्ये तर कधीच मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. "घरी साफसफाई कोण करतं? त्यांना नीट सांगा," असंही ती म्हणाली.

मी शाळेत क्लार्क. कागद वाचणं हे माझं रोजचं काम. हा कागद मात्र घडी घालून खिशात ठेवला आणि किन्हीराजाजवळच्या आमच्या गावी फोन लावला. "माय, खोली एकदम स्वच्छ करून ठेव." एवढंच.

घरी आलो तर मायने खोली शेणाने सारवलेली, अजून ओलसर.

"उन्हाचं थंडं राह्यते व वैशू. तुह्यासाठीच सारवलं," ती म्हणाली.

वैशाली कितीतरी दिवसांनी हसली. मला खटकलं होतं, खोटं कशाला बोलू? पण ते हसू बघून मी गप्प बसलो. मग कागदात लिहिलं होतं म्हणून अकोल्याहून आणलेलं औषध सारवणावरच शिंपडलं. जमिनीने ते पिऊन टाकलं. शेण म्हणजे मळच, औषध त्यातच संपलं असणार. पण खोलीत दवाखान्यासारखा वास आला आणि मी निश्चिंत झालो. इतका मूर्ख माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सहाव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. परत अकोला, परत तीच खाट. तिथेच सीटी स्कॅनमध्ये ती बुरशी दिसली. डॉक्टरांनी घराबद्दल विचारलं, तेव्हा कळलं की शेणाच्या ओल्या सारवणातही ही बुरशी असू शकते. माय आमच्याबरोबर आली होती. बाहेर येऊन मी तिच्यावर ओरडलो, "काहून सारवलं व माय तू?"

ती पदराने हात पुसत राहिली. हात कोरडेच होते.

अकरा दिवसांनी वैशाली गेली.

डॉक्टरांनी नंतर मला बसवून सांगितलं, "ही बुरशी हवेतही असते. सारवणातूनच आली असं मी म्हणणार नाही." मी ते मायला सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. माझ्यापर्यंत तरी कुठे पोचलंय!

तुमच्या घरी असा पेशंट येणार असेल, तर तो कागद खिशात ठेवू नका. ज्याच्या हातात फडकं असतं त्याला वाचून दाखवा. घरची जमीन कशाची आहे, तेही सिस्टरला सांगा. त्या सिस्टरचे माझ्यावर उपकार आहेत. तिने सगळं सांगितलं होतं.

तो कागद मी मायला नंतर वाचून दाखवला. त्या खोलीत आता टाइल्स बसवल्यात. तिथे कोणी राहत नाही. तरी माय रोज सकाळी आधी साबणाने, मग औषधाने पुसते. नंतर उंबऱ्याबाहेर बसून घड्याळाकडे बघत राहते. दहा मिनिटं होईपर्यंत कोणाला आत पाय ठेवू देत नाही.

परवा मी न राहवून म्हटलं, "कायले पुसतं व माय आता?"

घड्याळावरची नजर न काढता ती म्हणाली, "तवा सांगतलं असतं त तवाच पुसलं असतं, बाबू."